होलाशोवित्से: ‘शेतकरी बरोक’ या नावामागचा इतिहास

चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण बोहेमियात, चेस्के बुद्येयोवित्से शहराच्या पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर होलाशोवित्से हे खेडे आहे. कागदोपत्री पहिला उल्लेख १२६३चा. पुढे राजाने ते विशी ब्रोडच्या मठाला दिले आणि १८४८पर्यंत ते मठाच्याच मालकीचे राहिले. १५२० ते १५२५च्या प्लेगमधून गावात दोनच माणसे वाचली. मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबे आणून गाव पुन्हा वसवले. १८९५मध्येही इथे १५७ जर्मन आणि १९ चेक होते.

घोळ आहे तो इथल्या घरांच्या शैलीला दिलेल्या ‘सेल्स्के बारोको’ म्हणजे ‘शेतकरी बरोक’ या नावाचा. बरोक ही युरोपातली वळणदार, नक्षीदार वास्तुशैली; तिचा खरा काळ अठराव्या शतकात संपला. गावच्या मधल्या मोकळ्या जागेवरचे, संत यान नेपोमुकचे छोटे प्रार्थनाघर १७५५चे, म्हणजे त्या काळातले. पण ज्यांचे फोटो निघतात त्या बहुतेक दर्शनी भिंती एकोणिसाव्या शतकातल्या. वेठबिगारी संपली, जमीन स्वतःची झाली, हातात पैसा आला, तेव्हा आसपासच्या गवंड्यांनी देवळांवर पाहिलेली वळणे चुन्याच्या गिलाव्यात उतरवली. त्यामुळे या नावात ‘शेतकरी’ हा शब्द जास्त खरा आहे.

मांडणी मात्र मध्ययुगीनच. सुमारे २१० बाय ७० मीटरच्या लांबट मोकळ्या जागेभोवती २३ वाडे. प्रत्येकाची अरुंद, त्रिकोणी माथ्याची बाजू पुढे. एका हाताला राहते घर, दुसऱ्या हाताला धान्याचे कोठार, दोहोंना जोडणाऱ्या भिंतीत गाडीसाठी मोठे दार आणि माणसांसाठी छोटे, मागे खळ्याची इमारत. अशा जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, रंग फुगतो आणि नक्षी सुटून पडते. तिथे चुनाच हवा.

१९४५नंतर जर्मन कुटुंबांना देश सोडायला लावला आणि बरेच वाडे ओस पडले. छपरे गळत राहिली, पण नवे बांधकामही फारसे झाले नाही. गावाचा आराखडा टिकला तो मुख्यतः त्यामुळे. त्याचे श्रेय जतनाच्या धोरणाला देणे चूक ठरेल. १९९०पासून दुरुस्ती सुरू झाली, घरे पुन्हा नांदती झाली आणि १९९८मध्ये गाव युनेस्कोच्या यादीत आले. नक्षी ज्यांनी घडवून घेतली त्यांचे वंशज तोवर अर्धशतकापासून गावाबाहेर होते, आणि गावाची माहिती सांगताना हे आधी सांगायला हवे.