टोमॅटो तोच, हवा विकतची

भारतात टोमॅटोचं सरासरी उत्पादन हेक्टरी २५ टनांच्या आसपास, तर नेदरलँड्सच्या काचघरांत ५०० टनांच्या घरात. हे दोन आकडे शेजारी मांडून आपल्या शेतकऱ्याला नावं ठेवायची अनेकांना हौस असते. त्यांनी एकदा त्या काचेखाली डोकवावं.

हा देश ५२ अंश उत्तरेला. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही बहुधा ढगाळ. म्हणून उजेडाला दिवे आणि उबेला नैसर्गिक वायू. मातीला तर रजाच! वितळवलेल्या खडकाच्या लोकरीसारख्या तंतूंची लादी असते, तिच्यात मुळं वाढतात आणि खत घातलेलं पाणी थेंबाथेंबानं मिळतं. वेल वरच्या तारेला दोरीनं टांगलेला. तो वाढेल तसा खाली सोडत जातात, त्यामुळे हंगामाअखेर खोड दहा मीटरच्याही पुढे जातं. एकच वेल जवळपास वर्षभर फळतो. आपला प्लॉट चार-पाच महिन्यांत उरकतो, म्हणजे फरकातला काही वाटा निव्वळ कॅलेंडरचा.

बंद घरात वेगळीच पंचाईत होते. पानं कार्बन डायऑक्साइड ओढत राहतात आणि आतला साठा भराभर उतरतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. काचघरात ८०० ते १००० ठेवतात, कारण तेवढ्यावर टोमॅटो जोमानं वाढतो. हिवाळ्यात बॉयलरचा धूरच त्यासाठी कामी येतो. उन्हाळ्यात ऊब नको, वायू मात्र हवा! मग २००५ पासून रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पाइपानं काचघरांना पुरवला जातो.

वारंही नाही. टोमॅटोचं फूल हललं की पराग झडतो आणि फळ धरतं. पूर्वी मजूर कंप पावणारी कांडी घेऊन फुलं हलवत फिरायचे. १९८०च्या दशकाअखेरीपासून हे काम खोक्यांतून विकत आणलेल्या बंबलबी करतात. या गुबगुबीत माश्या फुलाला लटकून अंग थरथरवतात.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या पट्ट्यात बांबू-तार, सुतळीची बांधणी, माती झाकणारा मल्चिंग पेपर आणि ठिबक एवढ्यावर पीक उभं राहतं. ऊन, वारा आणि माश्या फुकट. मग वर काच चढवली तर? एप्रिलात आतली भट्टी होईल. पारा ३५ अंशांपुढे टिकून राहिला की टोमॅटोचा पराग निकामी होऊ लागतो, फुलं गळतात. झडपा उघडाव्या, तर विकतचा कार्बन डायऑक्साइड उडून जाणार. डच माणूस ऊब विकत घेतो, आपल्याला गारवा घ्यावा लागेल. त्यापेक्षा आपलं शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, बरं.

२०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅस आणि त्यामागोमाग वीजही कडाडली. त्या हिवाळ्यात अनेक डच काचघरांत दिवे लागलेच नाहीत आणि टोमॅटोची लागवड पुढे ढकलावी लागली.