अपुऱ्या दिवसांच्या मुलाची बुद्धी आणि घराचा वाटा

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल मुदतपूर्व मानले जाते. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली आणि त्यांतली सर्वाधिक, जवळपास ३० लाख, भारतातली होती. गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवलेले बाळ वजन भरून वाळपईला किंवा पेडण्याला घरी येते, तेव्हा धोका टळला असे सर्वांना वाटते. जिवावरचा धोका बहुधा टळलेला असतोही. मेंदूचे अर्धवट राहिलेले काम मात्र आता घरातच व्हायचे असते.

हे काम थोडेथोडके नसते. ३४ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्केच भरते. मेंदूवरच्या वळ्या अजून पडत असतात आणि मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी अपरिपक्व असल्याने प्राणवायूची कमतरता किंवा जंतुसंसर्ग त्यांना सहज इजा करतो. त्यामुळे ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरीने ११ ते १३ गुणांनी कमी आढळतो. पण सरासरीवरून एखाद्या मुलाचे भविष्य सांगता येत नाही, आणि मुलामुलांमधल्या फरकाचा बराच भाग कुटुंबातल्या वातावरणाशी निगडित असतो.

अमेरिकेत १९८५ साली आठ ठिकाणी सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, कमी वजनाच्या मुदतपूर्व मुलांच्या घरी प्रशिक्षित कार्यकर्त्या नियमित जात, आईवडिलांना मुलाशी कसे खेळावे हे दाखवत, आणि पहिल्या वाढदिवसानंतर मुलांना बालविकास केंद्रातही नेले जाई. तिसऱ्या वर्षी, जन्मतः दोन किलोहून जास्त वजन असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १३ गुणांनी जास्त भरला. त्याहून हलक्या मुलांना याच्या निम्माच लाभ झाला. मदत तीन वर्षांनी थांबली आणि आठव्या वर्षापर्यंत हा फरक बराच ओसरला. माझ्या मते या प्रयोगाचा खरा धडा इथेच आहे: अशा मुलाला आधार शाळेच्या वयापर्यंत अखंड मिळायला हवा.

घरातला हा आधार म्हणजे मुलाशी बोलणे आणि खेळणे; महागडी खेळणी किंवा मोबाइलवरची गाणी नव्हेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या खुणा क्षीण असतात आणि ते लवकर दमते. आजी मांडीवर घेऊन बोलत असताना बाळ नजर फिरवते, जांभई देते, बोटे फाकवते किंवा त्याला उचकी लागते, तेव्हा ते कंटाळले नसून त्याला थोडी विश्रांती हवी असते. आजीने क्षणभर थांबावे, आणि बाळाने पुन्हा पाहिले की त्याच्या हुंकाराला उत्तर द्यावे. घरात कोंकणी असो वा मराठी, सहज ओठांवर येते त्याच भाषेत बोलावे. बाळाच्या प्रगतीची तुलना शेजारच्या मुलाशी न करता दुरुस्त वयाप्रमाणे करावी: आठ आठवडे आधी जन्मलेले सहा महिन्यांचे बाळ पहिली दोन वर्षे विकासाच्या दृष्टीने चार महिन्यांचेच धरायचे असते. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

हे सारे आईवर सोपवून चालणार नाही. मुदतपूर्व प्रसूतीनंतर नैराश्याचे प्रमाण जास्त असते, आणि खचलेल्या आईला बाळाच्या खुणा टिपणे जड जाते. तिला ‘पोटुशी असताना नीट काळजी घेतली नाहीस’ असे ऐकवणारी सासू किंवा नणंद नकळत बाळाचेच नुकसान करते, कारण अशा प्रसूतीचे कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची, १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोता येथे सुरू झालेली कांगारू पद्धत वडिलांनाही जमते. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाने पाळी संपल्यावर तासभर बाळ घेतले, तर आईला तेवढी झोप मिळते.

काही अडचणी उशिरा दिसतात. मूल नीट बोलते, गोष्टी सांगते, आणि तिसरीत हातच्याची बेरीज करताना हातचाच विसरते, कारण अशा मुलांत एकाग्रता आणि कार्यस्मृती, म्हणजे काम करताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती मनात धरून ठेवण्याची क्षमता, कमी पडण्याची शक्यता अधिक असते. तो आळस समजून मुलाला ओरडा बसू नये यासाठी, ते किती आठवड्यांचे जन्मले हे शाळेत नाव घालतानाच बाईंना सांगून ठेवावे, आणि हातचा वहीच्या कडेला लिहू देण्याची विनंती करावी.