सुपारीपट

सुपारीपट : पैसे घेऊन माणूस मारणाऱ्या मारेकऱ्याला नायक करणारा वेगवान थरारपट. त्याचा सर्वांत रुळलेला प्रकार सूडाचा. मारेकऱ्याचे जवळचे माणूस मारले जाते किंवा सुपारी देणाराच त्याच्यावर उलटतो. मग आजवर इतरांची कामे करणारा हा माणूस स्वतःच्या कामाला निघतो. प्रस्तुत नोंदीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत तुटपुंज्या भांडवलावर असा चित्रपट कसा करतात, यावर भर आहे.

खानदेशात लग्नाची सुपारी फुटते, यात्रेसाठी तमाशाच्या फडाला सुपारी देतात, बँडवाल्यालाही सुपारीच देतात. काम ठरले, इसार पोचला, आता माघार नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुन्हेगारी बोलीने हाच अर्थ उचलला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्यांच्या यादीत सुपारी घेऊन केलेल्या हत्येचा स्पष्ट उल्लेख आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम आता १०३. आजच्या काळात घडणाऱ्या कथेतला फौजदार अजूनही ‘तीनशे दोन’ म्हणतो, ही नव्या पटकथांतली नेहमीची चूक. कथा त्या तारखेआधीची असेल तर मात्र जुनेच कलम बरोबर.

या कथाबीजाचा शोध खानदेशाला बाहेर घ्यावा लागत नाही. सौप्तिक पर्वातला अश्वत्थामा बापाच्या वधाचा सूड म्हणून रात्री पांडवांच्या शिबिरात शिरतो आणि झोपलेल्यांना मारतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून या डोंगरांत फिरतो, अशी श्रद्धा आहे. सूड पुरा झाला, जखम राहिली, आणि मरण नाही. सूडपटाच्या शेवटाला लेखक अडतात ते नेमके याच जागी. नायकाला शेवटच्या गोळीत मारून मोकळे होणे ही सोपी वाट आहे, आणि बहुतेक जण तीच धरतात.

पटकथा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, या हिशेबाने ११० मिनिटांच्या चित्रपटाला ११० पानांच्या आसपास लागतात. नायकाचे नुकसान पहिल्या १५ पानांत झालेच पाहिजे. त्यानंतर त्याच्या हाती नावांची यादी येते. यादीत चार-पाच नावे पुरतात. प्रत्येक हत्येतून पुढच्या माणसाचा पत्ता, निदान त्याची एखादी सवय, हाती लागली पाहिजे. तसे झाले नाही तर हत्या नुसत्या एकापुढे एक मांडल्या जातात आणि तिसरीपासून प्रेक्षक मोबाइल काढतो. दर वेळी जागा, हत्यार आणि नायकाला मोजावी लागणारी किंमत बदलावी. पहिल्या मारामारीत मोडलेले बोट शेवटच्या मारामारीतही मोडलेलेच दिसले पाहिजे.

वेग म्हणजे भराभर कापलेले शॉट, हा समज नवशिक्यांत घट्ट आहे. हॉलिवूडच्या चित्रपटांत १९३० ते १९६० या काळात एका शॉटची सरासरी लांबी ८ ते ११ सेकंद होती. १९९०च्या दशकाअखेर ती ३ ते ६ सेकंदांवर आली. हे आकडे पाहून दीड-दीड सेकंदाचे तुकडे केले की पडद्यावर नुसता गोंधळ उरतो. कोण कुठे उभा आहे, दार कोणत्या बाजूला, बंदूक कोणाच्या हातात, हे प्रेक्षकाला ठाऊक असेल तेव्हाच तो पुढचे ओळखू पाहतो आणि वेग जाणवतो. म्हणून प्रत्येक मारामारीच्या सुरुवातीला जागा दाखवणारा किमान ४ सेकंदांचा एक शॉट ठेवावा, आणि दोन माणसांना जोडणाऱ्या कल्पित रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा राखावा. रेष ओलांडली की डावा माणूस उजवीकडे जातो आणि कोण कोणाला मारतो ते कळेनासे होते.

स्थळे. खानदेशात जागांची वाण नाही. अडचण आहे ती प्रत्येक जागेच्या खोडीची. रावेर-यावल पट्ट्यातली केळीची बाग पाठलागाला उत्तम. ओळींत पाच-सहा फुटांचे अंतर असते, त्यामुळे पळणारा सरळ रेषेत दिसतो आणि मध्येच ओळ बदलून नाहीसाही होतो. पण बागेत उजेड बाहेरच्यापेक्षा बराच कमी, पायाखाली ठिबकच्या नळ्या, आणि केळीचा चीक कपड्याला लागला की काळपट डाग कायमचा बसतो. नायकाचा शर्ट एकसारख्या कापडाचा निदान चार नग शिवून घ्यावा. नाहीतर आधीच्या दृश्यात डाग आणि नंतरच्यात स्वच्छ शर्ट, अशी विसंगती उरते. पळण्याची वाट आधी चालून पाहावी आणि तेवढ्या ओळीच्या नळ्या मालकाला विचारून बाजूला घ्याव्यात.

कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचे ढीग पडद्यावर देखणे दिसतात, पण तिथे ठिणगी, धूर, मशाल, फटाका यांतले काहीही चालत नाही. तंतू हवेतही तरंगत असतात आणि रुई झपाट्याने पेटते. गोळीबार दाखवायचा असेल तर ठिणगी संकलनातच घालावी. आतल्या जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. संथगतीसाठी सेकंदाला ४८ फ्रेम लावल्या तर पडद्यावर पट्टे धावू शकतात. ५० फ्रेम आणि १/१०० सेकंदाचे शटर ठेवल्यास ते टळते.

काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर मोटारींचा पाठलाग पावसाळ्यात होत नाही. चाके रुततात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. महामार्ग ५२ आणि ५३ वर परवानगीशिवाय पाठलाग चित्रित करणे म्हणजे वाटसरूंचा जीव धोक्यात घालणे. त्यापेक्षा रहदारी नसलेला जुना रस्ता घ्यावा आणि गाडी ताशी ३०-४० किमीच ठेवावी. कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंचीवर, लेन्स १८ ते २४ मिमी, आणि चौकटीच्या कडेने बाभळी व विजेचे खांब जवळून सरकू द्यावेत : वेग त्यांनीच वाढतो. २४ ऐवजी २२ फ्रेमने चित्रित करून २४ ने दाखवले तर आणखी थोडा वाढतो. २० च्या खाली माणसे बाहुल्यांसारखी दिसू लागतात.

सगळ्यांत मोठा विरोधक ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मोबाइल आणि लहान कॅमेरे तापून आपोआप बंद पडतात, चिकटवलेली जखम घामाने सुटते, आणि उभा सूर्य डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पाडतो. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी साडेचारनंतर, एवढाच वेळ हाती उरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम खरा. त्याच काळात, दत्तजयंतीला, सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. गर्दीच्या दृश्याला तो मोह पाडतो, पण चित्रपटात जनावर वापरायचे तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते.

परवानग्या. भुसावळच्या फलाटावर चित्रीकरण रेल्वेच्या मंजुरीशिवाय होत नाही. यावल अभयारण्यात आणि चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात वनखात्याची लागते. ड्रोन उडवायचा तर विमानतळाभोवतीच्या क्षेत्राची तपासणी आवश्यक, आणि तो २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर नोंदणीही. चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र हवे. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या वर्गाचे, ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग पडले. हिंसा सूचक ठेवली तर सुपारीपट ‘यूए १६’मध्ये बसू शकतो, जखमेवर कॅमेरा रेंगाळला तर ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळण्याची शक्यता वाढते आणि दूरचित्रवाणीचे दार बंद होते.

हत्यारे. खरी बंदूक, परवान्याची आणि रिकामी असली तरी, सेटवर आणू नये. १९९३ मध्ये अमेरिकेत एका सूडपटाच्याच चित्रीकरणात नट ब्रँडन ली मेला. आधीच्या दृश्यातल्या खोट्या काडतुसाचे टोक नळीत अडकून राहिले होते. नंतर बिनगोळीच्या काडतुसाच्या दाबाने ते बाहेर फेकले गेले. नुसते बिनगोळीचे काडतूसही जवळून उडवले तर त्याच्या वायूने जीव जातो. रबराची किंवा लाकडी नक्कल वापरावी, नळीच्या तोंडचा झोत एका फ्रेमपुरता संकलनात घालावा, आणि हाताला बसणारा झटका नटाने अभिनयाने दाखवावा. उघड्यावर नक्कल बंदूक काढायची असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवून पोचीची प्रत जवळ ठेवावी, आणि शॉट संपताच हत्यार पेटीत जावे.

तपशिलाच्या चुका जाणकाराला लगेच दिसतात. गावठी कट्टा बहुधा एका गोळीचा असतो. त्यातून सलग सहा गोळ्या सुटत नाहीत. सायलेन्सरने आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने कमी होतो, पण मुळात तो १५० च्या पुढे असतो. पडद्यावरचा ‘फुस्स’ कल्पित आहे. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणे तर व्यर्थच, कारण वायू फिरत्या चकतीच्या फटीतूनही निसटतो.

मारामारी. सहा ते आठ हालचालींचा एक तुकडा बसवावा. आधी पाव वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण. पूर्ण वेग फक्त कॅमेऱ्यापुढे. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जातो. ८५ मिमी किंवा लांब लेन्सने मार खाणाऱ्याच्या खांद्यामागून घेतला की अंतर दिसत नाही. मार खाणाऱ्याची मान उशिरा वळली तर कितीही चांगला ठोसा खोटा पडतो. दिवसभरात पडद्यावरचा एक मिनिट मारामारी पदरी पडली तर काम चांगले झाले म्हणावे. पडण्यासाठी रिकामी खोकी दोरीने बांधून वर गादी घालतात. केळीच्या पॅकिंगची पुठ्ठ्याची खोकी सावदा-रावेरकडे सहज मिळतात. ती दबतात म्हणूनच झटका शोषतात, त्यामुळे दर दोन-तीन उड्यांनंतर बदलावी लागतात. पुरुषभर उंचीपलीकडची उडी प्रशिक्षित स्टंटमनचीच.

रक्त. एक लिटरसाठी ७५० मिली घट्ट साखरेचा पाक, २०० मिली पाणी, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, खाण्याचा लाल रंग, दोन चमचे कोको आणि निळ्या रंगाचा एखादा थेंब. कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून मग पाकात घालावे, कच्चे घातल्यास गुठळ्या होतात. पाकात लिंबाचे काही थेंब पिळले नाहीत तर थंडीत त्याची साखर बनते. पातळ रक्त पांढऱ्या कापडावर गुलाबी दिसते, म्हणून कॅमेऱ्यातून चाचणी घ्यावी. या मिश्रणावर मुंगळे आणि माश्या तुटून पडतात. मेलेल्या खलनायकाच्या नाकावर माशी बसली आणि त्याने नाक हलवले, की शॉट गेला.

भाषा आणि ध्वनी. सगळ्या खानदेशाच्या तोंडी सरसकट अहिराणी घालणे चूक आहे. रावेर-यावलकडे लेवा बोली ऐकू येते, सातपुड्यात भिली आणि पावरी. ‘कथा चालना भो?’ (कुठे चाललास भाऊ?) ही अहिराणी धुळ्या-अमळनेरकडच्या पात्राला शोभते. मारेकरी मितभाषी ठेवावा. त्याच्याभोवतीची माणसे बोलकी असली की त्याची शांतता ऐकू येते.

मारामारीचा आवाज जागेवर मिळत नाही, नंतर तयार करावा लागतो. हाड मोडल्यासाठी वाळलेली पऱ्हाटी (कापसाच्या झाडाची काटकी), सुरा घुसण्यासाठी केळीच्या खांबात खुपसलेला विळा, ठोशासाठी ओल्या गोणपाटावर बुक्की. तयार ध्वनी हेडफोनवर ऐकून थांबू नये. बरेच लोक असा चित्रपट मोबाइलवर पाहतात आणि मोबाइलच्या स्पीकरमधून खर्जातले आवाज जवळपास येतच नाहीत. बंदुकीचा सगळा दणका खर्जात ठेवला तर तिथे फक्त टिचकी ऐकू येते. दणक्यावर सुक्या फांदीचा किंवा टाळीचा वरचा कडाका चढवला की दोन्हीकडे तो टिकतो.