पुणे सायकल आराखडा

पुणे महानगरपालिकेचा शहरव्यापी सायकल जाळ्याचा आराखडा. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या साहाय्याने तो साधारण 2016–17 मध्ये तयार झाला आणि डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मंजूर केला. दिल्लीची आयट्रान्स ही वाहतूक सल्लागार संस्था, प्रसन्न देसाई आर्किटेक्ट्स आणि पर्यावरण शिक्षण केंद्र (सीईई) यांचा त्यात सहभाग होता.

आराखड्याचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. एक मांडणी एप्रिल 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणापासून सुरू होते. वाहनांऐवजी माणसांची ने-आण हा नियोजनाचा पाया असावा, असे त्या धोरणाने सांगितले. दुसरी मांडणी ‘परिसर’सारख्या स्थानिक संस्थांच्या पाठपुराव्याला आणि महापालिकेने 2006–07 पासून राबवलेल्या सहभागी अर्थसंकल्पाला (त्यात नागरिक कामे सुचवतात) अधिक श्रेय देते. धोरण सगळ्या शहरांना सारखेच लागू होते. तेव्हा पुण्यातच एवढा तपशीलवार आराखडा का झाला, याचा उलगडा दुसऱ्या मांडणीतून अधिक होतो. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी (स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा) सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने केलेल्या सायकल मार्गांचा अनुभवही येथे विचारात घ्यावा लागतो. हे मार्ग चौकाजवळ तुटत, जागोजागी उभ्या वाहनांनी अडत. सलग जाळ्याची मागणी बहुधा या अनुभवातूनच बळावली.

स्वतंत्र सायकल मार्ग कोठे करावा, हा तांत्रिक प्रश्न मात्र जुना आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या 1962 च्या मानकानुसार (आयआरसी 11), तासाला 100 ते 200 मोटारवाहने असलेल्या रस्त्यावर गर्दीच्या तासात 400 किंवा अधिक सायकली असतील तर असा मार्ग समर्थनीय ठरतो. वाहने 200 च्या वर गेल्यास 100 सायकलीही पुरतात. मार्गाची किमान रुंदी 2 मी. धरली आहे. हा निकष सायकली मुबलक होत्या त्या काळचा. ‘सायकलींचे शहर’ म्हणवणाऱ्या पुण्यात दुचाकींची संख्या वाढल्यावर वर्दळीच्या रस्त्यांवरून सायकलस्वार हटत गेले. तेथे मोजणी केली तर आकडा लहानच येणार, आणि जेथे मार्ग सर्वाधिक हवा तोच रस्ता निकषातून गळणार. मानकाची सुधारित आवृत्ती 2015 मध्ये निघाली. तरी दडलेली मागणी, म्हणजे सोय असती तर सायकल वापरली असती अशांची संख्या, मोजायची कशी, ही अडचण निव्वळ गणतीच्या पद्धतीत राहतेच.

लोकसहभागाचे महत्त्व येथे आहे. प्रश्नावल्या, बैठका आणि मसुद्यावरील हरकती-सूचना यांकडे काही अभ्यासक संमती मिळवण्याचे साधन म्हणून पाहतात. त्यांचा खरा उपयोग माहिती म्हणून अधिक दिसतो. शाळेला कोणत्या बोळातून जाता येते, कोणता पूल पालकांना धोक्याचा वाटतो, सायकल लावायला जागा कोठे नाही, हे सायकल सोडून दिलेला माणूसही सांगू शकतो. रस्त्यावरच्या गणतीत तो येत नाही. याची दुसरी बाजूही आहे. बैठकीला येणाऱ्यांत हौशी सायकलस्वार व पार्किंग जाण्याची धास्ती असलेले दुकानदार यांचा आवाज मोठा असतो. पहाटे वृत्तपत्रे टाकणारे, बांधकाम मजूर, घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया यांना कामाच्या वेळा सोडून येणे कठीण. सायकलवर वा पायी रोज अवलंबून असणारे बहुतांशी हेच.

आराखड्यातील जाळे सुमारे 800 किमी. लांबीचे आहे. रुंद रस्त्यांवर वेगळा सायकल मार्ग, इतरत्र रंगवलेली मार्गिका, तर नदी-कालव्याच्या कडेने हरितमार्ग, असे त्याचे प्रकार आहेत. गल्लीबोळांत वाहनांचा वेग कमी ठेवणे पुरेसे मानले आहे. महापालिकेत स्वतंत्र सायकल विभाग असावा, अशीही शिफारस आहे.

अंमलबजावणी तुकड्यातुकड्यांनी झाली. जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेत रुंद पदपथ व सायकल मार्ग आले. मंजुरीच्याच सुमारास सुरू झालेल्या खासगी भाडेसायकल योजना थोड्याच वर्षांत ओसरल्या. मार्च 2022 मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपून प्रशासकीय राजवट आली. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत हरकती नगरसेवकामार्फत सभागृहात नेण्याची वाट बंद राहिली.