१६९ ठिपके

१५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मधल्या ओळीत १५, मग दोन्हीकडे एकेक कमी करत ८ पर्यंत. एकूण १६९. गेल्या दिवाळीत इंदूरला, रामबागेतल्या आमच्या अंगणात, भाचीने हे सगळे ठिपके तीनदा मांडले आणि तीनदा फडक्याने पुसले. गेरू निघून फरशी दिसायला लागली. समोरच्यांच्या पणत्या लागल्या तरी हिची पहिली रेघ नाही.

चूक झाल्याचं मेंदूला किती वेळात कळतं? सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात. डोक्याला इलेक्ट्रोड लावून आलेख काढला, तर चुकीचं बटण दाबताच त्यात एक टोक उमटतं. १९९०च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे नोंदवलं. त्यानंतरचं बटण माणूस बहुधा जरा सावकाश दाबतो. म्हणजे चूक टोचणं हा दोष नव्हेच, नाहीतर हात बसणार कसा? चिंतातुर माणसांत मात्र हे टोक सरासरीने मोठं निघतं.

पण टोचणी किती मनाला लावून घ्यायची, हे ठरवतं कोण? १९९१ मध्ये ह्यूइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून तशी अपेक्षा, दुसऱ्यांकडून तशी अपेक्षा, आणि 'लोकांना माझ्याकडून हेच हवंय' या समजुतीतून येणारा. कुरन आणि हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ ची माहिती एकत्र तपासली. तिन्ही प्रकार वाढलेले, सर्वांत जास्त तिसरा. त्यात भारत नव्हता. पण इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगमधून संध्याकाळी बाहेर पडणारी पोरं बघितली की मला ती वाढ परकी वाटत नाही. भाची त्यांतलीच, अकरावीतली.

या हव्यासावरच्या उपचारात एक गंमतशीर प्रयोग करायला सांगतात: एक छोटी चूक मुद्दाम राहू द्यायची, काय होईल ते आधी लिहून ठेवायचं, मग प्रत्यक्षात काय झालं ते बघायचं.

चौथ्यांदा एका ओळीत ठिपका जास्त पडला. मी म्हटलं, "राहू दे."

"आत्या, सगळ्यांना दिसेल!"

"लिही कागदावर तसं."

तिने लिहिलं, आणि तोंड फुगवून रेघा जोडल्या. रात्री फराळाला वीसेक माणसं येऊन गेली. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी आई काठी टेकत बाहेर आली, रांगोळीशी वाकली.

"अगं, इथे एक जास्त झालाय."

भाचीने माझ्याकडे बघितलं.

"चकलीचा डबा कुठे ठेवलाय?" आईने विचारलं.