ठरवलेले वजन गाठल्यावर आहार कमी करण्यापूर्वी
(पाठपुराव्यासाठी येणारे रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक)

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे फार कमी करण्याचा आजार) यावरील उपचार पूर्ण करून आमच्या केंद्रात पाठपुराव्यासाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे पालक आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारतात. ठरवलेले वजन आता गाठले आहे, मग आहार थोडा कमी केला तर चालेल ना? प्रश्न रास्त आहे, कारण वजन वाढवण्यासाठी दिलेला आहार वजन वाढल्यावर पुढे कशाला चालू ठेवायचा, असे कोणालाही वाटेल. मात्र आमच्याकडे ज्यांचा आजार उलटला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घसरणीची सुरुवात शोधत मागे गेले की हेच आढळते की, हा प्रश्न आम्हाला विचारण्याऐवजी त्याचे उत्तर घरीच ठरवून टाकले गेले होते. मग काही आठवड्यांनी भेट होते तेव्हा पुढच्या टप्प्याचे काम बाजूला ठेवून गमावलेले वजन परत मिळवण्यात सगळा वेळ जातो, आणि रुग्णाचा धीरही खचतो. हे पत्रक त्यासाठी लिहिले आहे.

आजाराची आणि उपचारांची ओळख आपल्याला आहे, असे गृहीत धरले आहे. वजनाचे, बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या निर्देशांकाचे) किंवा कॅलरींचे आकडे येथे जाणीवपूर्वक दिलेले नाहीत. पत्रक घरात कोणाच्याही हाती पडू शकते, आणि आकडा दिसला की त्याच्याशी स्वतःची तुलना कशी सुरू होते, हे आपण जवळून पाहिले आहे.

वजन आले, तरी शरीराची मागणी का उतरत नाही

दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराचे वजन पूर्ववत झाले म्हणजे त्याची दुरुस्ती पूर्ण झाली, असे नाही. वजन गाठल्यानंतरही काही महिने तेच वजन नुसते टिकवण्यासाठी अनेक रुग्णांना, त्यांच्याच वजनाच्या निरोगी व्यक्तीला लागते त्यापेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते. हे निरीक्षण १९८० च्या दशकापासून संशोधनात नोंदवलेले आहे. म्हणून ‘धाकटी बहीण याहून कमी खाते आणि तिचे वजन व्यवस्थित टिकते’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. बहिणीच्या ताटाएवढे ताट या काळात रुग्णासाठी वजन उतरवणारा आहार ठरू शकते. वाढत्या वयातील मुलामुलींच्या बाबतीत तर उंचीबरोबर लक्ष्य वजनही वर सरकत असते, त्यामुळे गेल्या वर्षी ठरवलेला आकडा यंदा पुरेसा असेलच, असे धरून चालता येत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते मनाशी संबंधित आहे. १९४४–४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. यांपैकी कोणालाही अ‍ॅनोरेक्सिया नव्हता, तरी अन्नाचे विचार त्यांच्या डोक्यातून जाईनात, जेवणाभोवती विचित्र सवयी तयार झाल्या, चिडचिड आणि एकटेपणा वाढला, आणि पुरेसे खाणे मिळू लागल्यावरही हे परिणाम लगेच ओसरले नाहीत. याचा आपल्यासाठी अर्थ असा की, आहार कमी पडू लागला की विचारांतील ताठरपणाही परतू लागतो, आणि ‘आणखी थोडे कमी केले तरी चालेल’ हा पुढचा निर्णय मग अशा मनाने घेतला जातो, ज्याची अन्नाबाबत निर्णय घेण्याची क्षमता आधीच कमी झालेली असते. पहिली कपात लहान असते म्हणून ती निरुपद्रवी ठरते, असे आम्ही मानत नाही.

ही कपात बहुधा एका ठराविक ठिकाणापासून सुरू होते. जेवणाची वेळ पाळली जाते, ताटही भरलेले दिसते. पण स्निग्ध पदार्थ, गोड पदार्थ आणि मधल्या वेळचे खाणे हळूहळू गळते, आणि सुरक्षित वाटणारे चार-पाच पदार्थच रोज फिरत राहतात. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजन परत मिळवलेल्या ज्या रुग्णांच्या आहारात वैविध्य कमी होते आणि कमी ऊर्जेचे पदार्थ जास्त होते, त्यांची पुढील वर्षातील वाटचाल अधिक वाईट झाल्याचे दिसले. आमच्या आहारतक्त्यात आठवड्यातून ठराविक वेळा ‘भीती वाटणारा पदार्थ’ लिहिलेला असतो, तो याच कारणासाठी. तो पदार्थ वगळून त्याऐवजी दुसरे काहीतरी जास्त खाल्ले, तरी ते समान होत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण आहार कमी करण्यामागचे खरे कारण पुष्कळदा हेच असते आणि रुग्ण ते बोलून दाखवत नाही. वजन परत येताना सुरुवातीला ते पोटाच्या व कंबरेच्या भागात जास्त दिसते. प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासांत असे आढळले आहे की, वजन टिकवून ठेवले तर साधारण वर्षभरात ही विभागणी इतरांसारखी होते. म्हणजे जे पाहून आहार कमी करावासा वाटतो, ते जाण्यासाठी आहार चालू ठेवणेच आवश्यक असते. हे समजणे सोपे असले तरी रोज आरशासमोर सोसणे कठीण आहे, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. समुपदेशनाच्या भेटी आहाराच्या भेटींना जोडूनच ठेवल्या आहेत, त्या यासाठी.

भेटी इतक्या का

काही कुटुंबांना आमचा पाठपुरावा लांबलेला वाटतो, आणि वजन स्थिर असताना दर आठवड्याला येऊन काय साधते, असे ते स्पष्टपणे विचारतात. विचारणे योग्यच आहे. उपचारांनंतर साधारण एक तृतीयांश रुग्णांचा आजार उलटतो, आणि पहिले वर्ष त्या दृष्टीने सर्वांत नाजूक असते. उपचार संपल्यावरच्या पहिल्या महिन्यात ज्यांचे वजन घटते, त्यांना पुढे ते टिकवणे अवघड जाते, असेही संशोधनात दिसले आहे. त्यामुळे सुरुवातीला भेटी दाट असतात आणि पुढे त्या विरळ होत जातात. नेदरलँड्समध्ये याच विषयावर तयार झालेल्या मार्गदर्शिकेत उपचारांनंतर किमान दीड वर्ष देखरेख सुचवली आहे, आणि आमचा दीड वर्षाचा कार्यक्रम तिला धरून आखलेला आहे. दोन भेटींच्या मध्ये आहारतक्त्याविषयी काही शंका आली, तर फोनवर विचारण्यासाठी वेगळे शुल्क घेतले जात नाही. आपण तसा फोन करावा, अशीच आमची इच्छा असते, कारण पाच मिनिटांच्या त्या बोलण्याने पुष्कळदा पुढचे दोन महिने वाचतात.

घरी वजनकाटा ठेवू नये, हा आग्रहही आम्ही सोडत नाही. वजन केंद्रातल्या एकाच काट्यावर घेतले जाते, आणि आकडा रुग्णाला सांगायचा की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी ठरवले जाते. घरच्या काट्यावर रोज दिसणारे चढउतार बरेचसे पाण्याचे असतात, आणि त्यांच्यावरून घेतलेले निर्णय हमखास चुकतात.

आजार उलटू नये म्हणून एखादी गोळी नाही का, असेही विचारले जाते. वजन परत मिळवलेल्या ९३ रुग्णांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरील औषधाचा यासाठी उपयोग झाला नाही. नैराश्य किंवा चिंतेसाठी डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

कपात कधी आणि कशी होते

आहार कधीच कमी होत नाही, असा याचा अर्थ नाही. वजन सलग काही आठवडे ठरलेल्या पट्ट्याच्या वर जात राहिले, पाळी, रक्तदाब, नाडी यांची स्थिती समाधानकारक असली आणि भीती वाटणारे पदार्थ बऱ्यापैकी सहज खाल्ले जाऊ लागले की, आम्ही स्वतःच तक्त्यात बदल सुचवतो. बदल एका वेळी एकच असतो, तो केल्यावर किमान दोन आठवडे वाट पाहिली जाते, आणि कोणतेही जेवण पूर्णपणे वगळले जात नाही.

दरम्यान प्रत्येक कुटुंबाबरोबर आम्ही एक लेखी आराखडा करतो. त्या विशिष्ट रुग्णाची सुरुवातीची लक्षणे, त्यापुढची लक्षणे आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी काय करायचे, हे त्यात त्याच्याच शब्दांत लिहिलेले असते. जेवणाला लागणारा वेळ वाढणे, ‘बाहेर खाऊन आले’ हे उत्तर वारंवार येणे, चालणे किंवा व्यायाम चुकला तर बेचैनी होणे, पाकिटांवरील माहिती पुन्हा वाचली जाणे, कोणत्याही निमित्ताने उपवास धरण्याची इच्छा होणे ही लक्षणे वजन घटण्याच्या पुष्कळ आधी दिसू शकतात. काट्यावर फरक दिसेपर्यंत थांबू नये, असे आम्ही म्हणतो ते यामुळे. हा आराखडा ज्यांच्याकडे अद्याप नाही, त्यांनी पुढच्या भेटीसाठी जास्तीचा अर्धा तास राखून ठेवावा आणि रोज एकत्र जेवणारी किमान एक व्यक्ती सोबत आणावी.

आहार आधीच कमी केला गेला असेल, तर तो लपवू नये आणि त्यावरून रुग्णाला बोलूही नये. पुढच्या जेवणापासून जुना तक्ता जसाच्या तसा सुरू करावा आणि भेटीच्या तारखेची वाट न पाहता आम्हाला कळवावे. चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा धडधडणे, वारंवार उलट्या होणे, खाणेपिणे जवळजवळ थांबणे किंवा आत्महत्येचे विचार बोलून दाखवणे यांपैकी काहीही घडले, तर आधी रुग्णालयात जावे आणि आम्हाला नंतर कळवावे.