चपट्या पेशींचे अस्तर : दीडशे वर्षांचा नावाचा गुंता

रक्तवाहिनीच्या आतले अस्तर हे अभिस्तर (एपिथेलियम, म्हणजे शरीराचे पृष्ठभाग मढवणारा पेशींचा थर) आहे की नाही? शाळेच्या पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही. तिथे वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या) आणि रक्तवाहिन्या शेजारी शेजारी, 'सरल पट्टकी अभिस्तर', म्हणजे चपट्या पेशींचा एकेरी थर, या एकाच नावाखाली असतात. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र तेच अस्तर 'एंडोथेलियम' होते, आणि त्याच्या कर्करोगाला कार्सिनोमा (अभिस्तराचा कर्करोग) नव्हे, सार्कोमा (संयोजी ऊतींचा कर्करोग) म्हणायचे असते. ही फारकत १८६५ सालची.

त्याआधीचे थोडक्यात. 'एपिथेलियम' हा शब्द अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका डच शरीररचनातज्ज्ञाने घडवला. ग्रीकमध्ये 'थेले' म्हणजे स्तनाग्र. अशा ठिकाणचे नाजूक आवरण नेहमीच्या त्वचेहून निराळे वाटले, म्हणून निराळे नाव. पुढे ते शरीरभर पसरले. १८३०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली अभिस्तराचे प्रकार पाडले गेले. चपट्या पेशींना कुणी फरसबंदीची उपमा दिली, कुणी माशाच्या खवल्याची. तरीही केशवाहिनीची भिंत म्हणजे नुसता सलग पापुद्रा, असाच समज होता. १८६०च्या दशकात सिल्व्हर नायट्रेटची युक्ती आली. त्या द्रावणात ऊती भिजवून उजेडात धरली की पेशींच्या कडा काळ्या रेघांनी उमटत. पापुद्रा नव्हे, चपट्या पेशींची फरशीच होती ती.

आता या फरशीला म्हणायचे काय? १८६५ साली बाझेलमधल्या एका व्याख्यानात तोडगा मांडला गेला : पेशी कशी दिसते ते पाहू नका, ती गर्भाच्या कोणत्या थरातून आली ते पाहा. बाह्यस्तर आणि अंतःस्तर यांतून येते ते खरे अभिस्तर. मध्यस्तरातल्या पोकळ्यांना, म्हणजे रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या, छाती-पोटाच्या पोकळ्या आणि सांध्यांना, आतून मढवणारे ते खोटे अभिस्तर, अर्थात एंडोथेलियम. (मराठीत एंडोडर्मला, म्हणजे गर्भाच्या आतल्या थराला, आधीच 'अंतःस्तर' म्हणतात. एंडोथेलियमलाही तोच शब्द लावला, तर मध्यस्तरातून आलेल्या पेशी नेमक्या चुकीच्या घरी जातील. म्हणून इथे मूळ नावच ठेवले आहे.)

नियम देखणा होता, पण लावायला गेले की फसतो. मूत्रपिंडाच्या नलिकाही मध्यस्तरातूनच येतात. मग त्यांचे अस्तरही एंडोथेलियम म्हणायला हवे. तसे कुणी म्हणत नाही. मूत्रपिंडातल्या गाळणीभोवतीच्या पिशवीला आतून अगदी चपट्या पेशी असतात, मूळ मध्यस्तराचे, नाव मात्र अभिस्तर. उलट, डोळ्याच्या पारपटलाच्या (कॉर्नियाच्या) मागच्या थराला एंडोथेलियम म्हणतात. तिथे ना रक्त, ना रक्तवाहिनी, आणि त्या पेशीही चेताशिखेतून (गर्भाच्या बाह्यस्तरातून निघणाऱ्या पेशीसमूहातून) आलेल्या. नेत्रपेढीत पारपटल पारखताना 'एंडोथेलियल काउंट' मोजतात तो याच पेशींचा. दर चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या वर असला की पारपटल रोपणासाठी चांगले समजतात.

१८९० साली छाती-पोटाच्या पोकळ्यांचे अस्तर वेगळे काढून त्याला 'मेसोथेलियम' हे तिसरे नाव दिले गेले. त्याच्यापासून मूळचा कर्करोग होतो का, यावर पुढे कित्येक दशके वाद चालला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले अशा कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदले गेले आणि त्या वादाची धार गेली. पुढे प्रतिपिंडे लावून पेशी ओळखण्याचे तंत्र आले, तेव्हा मेसोथेलियममध्ये अभिस्तरासारखे केराटिन (अभिस्तराची खूण मानले जाणारे प्रथिन) भरपूर सापडले. 'खोट्या' अभिस्तरांपैकी एक निदान अर्धे तरी खरे निघाले.

माझ्या मते 'खोटे' या विशेषणाने नुकसानच जास्त केले. खरी कामे, म्हणजे शोषण, स्राव, संरक्षण, अभिस्तराची. एंडोथेलियम नुसता अस्तराचा कपडा, अशी समजूत रुजली. १९६६ साली एका नामवंत विकृतिशास्त्रज्ञाने आधीच्या पिढीची धारणा सांगताना केंद्रके असलेल्या सेलोफेनची उपमा वापरली होती. १९७३ साली मानवी नाळेच्या शिरेतून या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवता आल्या, आणि रक्त गोठण्यासाठी लागणारा एक घटक त्या स्वतः बनवतात हे कळले. १९८० साली सशाच्या महाधमनीवरच्या प्रयोगात आणखी मोठी गोष्ट हाती लागली : आतले अस्तर घासले गेले असेल, तर ॲसिटिलकोलीन हे रसायन देऊनही धमनी सैलावत नाही. अस्तरातून सुटणारा तो संदेश नायट्रिक ऑक्साइड या साध्या वायूचा निघाला. त्या शोधाला १९९८चे नोबेल मिळाले. आज हृदयरोगावरच्या कोणत्याही चर्चेत एंडोथेलियम येतेच, आणि २०२०च्या साथीत कोविडच्या शवविच्छेदनांतही त्याच्या इजेची नोंद झाली.

वायुकोशाच्या बाबतीत वाद नावाचा नव्हता, तिथे अस्तर सलग आहे की नाही यावरच होता. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणारच नाही इतक्या पातळ त्या पेशी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निकाल दिला : अस्तर सलग आहे. पट्टकी अभिस्तर म्हणून त्याचे नाव तेव्हापासून कुणी बदललेले नाही. त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, मायक्रोमीटरभरही अंतर न ठेवता, केशवाहिनीचे तसेच चपटे अस्तर आहे. त्याचे नाव मात्र एंडोथेलियम.